उष्णतेच्या मागावर: तारापूरची वीज कशी तयार होते

प्रश्न थोडक्यात असा आहे: अणूत एवढी प्रचंड ऊर्जा असते म्हणतात, मग अणुविद्युत केंद्रात शेवटी पाणीच उकळून टर्बाइन का फिरवतात? थेट वीज का काढत नाहीत? आणि तारापूरसारख्या ठिकाणी समुद्रात परत सोडलेलं कोमट पाणी अणुभट्टीतून आलेलं असतं का?

दोन्ही शंका रास्त आहेत. उष्णता कुठे तयार होते आणि तिथून कुठे कुठे जाते, हे नीट पाहिलं की दोन्हींचं उत्तर मिळतं. मी जड पाण्याच्या (ते काय ते पुढे येईल) अणुभट्ट्यांवर तीस वर्षं ऑपरेशनमध्ये पाळ्या केल्या. नवीन मुलं रुजू झाली की त्यांना पहिल्या आठवड्यात मी एवढंच सांगायचो की उष्णता निर्माण करणं सोपं आहे, ती क्षणभरही न थांबता उचलून नेत राहणं ही आपली नोकरी आहे.

उदाहरण तारापूरचंच घेतो. पालघर जिल्ह्यात, बोईसर स्टेशनपासून जवळ, समुद्रकाठी चार युनिटं आहेत. पहिली दोन १९६९ सालची, देशातलं पहिलं अणुविद्युत केंद्र. ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारली, उकळत्या पाण्याच्या प्रकारची. मूळ क्षमता प्रत्येकी २१० मेगावॉट, पुढे ती १६० वर आणली. तिसरं आणि चौथं युनिट आपल्या लोकांनी बांधलेलं, प्रत्येकी ५४० मेगावॉटचं, दाबाखालच्या जड पाण्याचं. चौथं आधी सुरू झालं, २००५ मध्ये, आणि तिसरं २००६ मध्ये. पुढचं सगळं या तीन-चारबद्दल आहे. जुन्या दोन युनिटांचा फरक जिथे खरोखर महत्त्वाचा आहे तिथे सांगेन.

इंधन म्हणजे युरेनियम डायऑक्साइडच्या काळ्या, चकचकीत, करंगळीच्या टोकाएवढ्या गोळ्या. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या पातळ नळीत एकापाठोपाठ एक भरतात आणि अशा ३७ नळ्यांची अर्धा मीटर लांबीची जुडी बांधतात. आम्ही तिला बंडल म्हणतो. ही बंडलं हैदराबादच्या न्यूक्लियर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये तयार होतात. नवं कोरं बंडल हातमोजे घालून हातात धरता येतं, त्याचा किरणोत्सार इतका कमी असतो. वजनाला मात्र ते आकाराच्या मानाने चकित करतं. पहिल्यांदा उचलणारा माणूस हमखास एकदा खाली ठेवून, पकड बदलून पुन्हा उचलतो.

आता पहिल्या शंकेकडे येऊ. युरेनियम-२३५ च्या केंद्रकावर न्यूट्रॉन आदळला की केंद्रक फुटतं, त्याचे दोन तुकडे होतात आणि सरासरी अडीचच्या आसपास नवे न्यूट्रॉन सुटतात. ते पुढची केंद्रकं फोडतात आणि अशी साखळी चालू राहते. या एका विखंडनातून सुमारे २०० मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते, आणि तिचा बहुतेक भाग, पाचातले चार हिस्से म्हणा, त्या दोन तुकड्यांच्या वेगात असतो. हे तुकडे जड असतात, विद्युतभारित असतात, आणि भोवती घट्ट बसलेले अणूच अणू असतात. त्यामुळे ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर जाईपर्यंत धक्के देत देत थांबतात. धक्के बसलेले अणू थरथरायला लागतात. अणूंची ही थरथर म्हणजेच उष्णता. म्हणजे ऊर्जा गोळीच्या आत, जिथे जन्मली तिथेच, उष्णता होऊन बसते. तारेत घालता येईल असा इलेक्ट्रॉनांचा शिस्तीत वाहणारा प्रवाह तिथे तयारच होत नाही. म्हणून मग माणसाला शंभराहून जास्त वर्षांपासून उत्तम जमणारा मार्ग घ्यावा लागतो: उष्णतेने वाफ, वाफेने चाक, चाकाने वीज.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ५४० मेगावॉट वीज देणाऱ्या या अणुभट्टीत सुमारे १७३० मेगावॉट उष्णता तयार होते. त्यासाठी दर सेकंदाला पाचावर एकोणीस शून्यं एवढी विखंडनं व्हावी लागतात. तरीही दिवसभरात फुटलेलं द्रव्य मोजलं तर ते दोन किलोच्या आतबाहेर भरतं, आणि ऊर्जेत रूपांतर झालेलं वस्तुमान जेमतेम दीड ग्रॅमच्या वर. घरच्या हिशोबात बोलायचं तर या प्रकारच्या भट्टीत एक किलो नैसर्गिक युरेनियममधून साधारण ५० हजार युनिट वीज मिळते. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या घराला ती पंचवीस वर्षांहून जास्त पुरेल. तेवढीच वीज कोळशावर काढायला आपल्याकडचा तीसेक टन कोळसा जाळावा लागतो.

निसर्गात मिळणाऱ्या युरेनियममध्ये फुटण्याजोगं युरेनियम-२३५ शेकडा ०.७ एवढंच असतं. बाकी सगळं २३८. विखंडनातून सुटलेले न्यूट्रॉन फार वेगवान असतात आणि त्या वेगात ते २३५ ला सहजासहजी फोडत नाहीत. त्यांना मंद करावं लागतं. पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटून ते छान मंद होतात, पण साधं पाणी बरेच न्यूट्रॉन गिळूनही टाकतं. मग साखळी टिकवायला युरेनियम समृद्ध करून, म्हणजे त्यातलं २३५ चं प्रमाण वाढवून, घ्यावं लागतं. तारापूर एक आणि दोनला म्हणूनच समृद्ध युरेनियम लागतं, आणि ते बाहेरून आणावं लागल्यामुळे त्या युनिटांना परराष्ट्र धोरणाचे चटके अनेक वर्षं बसले.

जड पाण्याने ही अडचण सुटते. त्यात हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतं, ते न्यूट्रॉन मंद करतं पण फारच क्वचित गिळतं. त्यामुळे खाणीतून निघालेलं युरेनियम समृद्ध न करताच चालतं. किंमत इथे मोजावी लागते ती पाण्याची: निसर्गातल्या साधारण साडेसहा-सात हजार हायड्रोजन अणूंमागे एकच ड्यूटेरियमचा असतो, आणि तो वेचून काढायला मोठे कारखाने लागतात. त्यातला एक आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ थळला आहे. केंद्रात या पाण्याची मोजदाद किलोकिलोने होते. कुठे थेंब थेंब गळती असली तरी हवेतली वाफ ड्रायरने पकडून परत मिळवतात.

भट्टीचं मुख्य पात्र म्हणजे आडवी ठेवलेली भलीमोठी टाकी, कॅलेंड्रिया. तिच्या आरपार ३९२ आडव्या वाहिन्या जातात आणि प्रत्येक वाहिनीत १३ बंडलं ओळीने बसतात. एक गोष्ट लोकांना चटकन लक्षात येत नाही, ती अशी की जड पाणी इथे दोन वेगवेगळी कामं करतं आणि ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. टाकीतलं जड पाणी न्यूट्रॉन मंद करतं. ते दाबाखाली नसतं आणि तापमान साठ-सत्तर अंशांच्या आसपास राखलेलं असतं. वाहिन्यांच्या आतून जे जड पाणी धावतं ते उष्णता उचलतं. ते २६० अंशाला आत शिरतं, ३०० च्या थोडं वर जाऊन बाहेर पडतं, आणि उकळू नये म्हणून हवेच्या शंभरपट दाबाखाली ठेवलेलं असतं. मधे वायू भरलेली छोटीशी पोकळी. त्या बोटभर अंतरात एका बाजूला तीनशे अंश आणि दुसऱ्या बाजूला आंघोळीच्या कडक पाण्याहून थोडं जास्त.

साखळी आवरायची कशी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. 'अणुभट्टी क्रिटिकल झाली' अशी बातमी वाचून लोक घाबरतात, कारण रुग्ण क्रिटिकल आहे हे वाक्य त्यांनी ऐकलेलं असतं. आमच्या भाषेत क्रिटिकल म्हणजे साखळी समतोल झाली, जितके न्यूट्रॉन जन्मतात तितकेच पुढच्या पिढीत कामी येतात. चालू भट्टी कायम क्रिटिकलच असते, तीस मेगावॉटवर असो की पूर्ण शक्तीवर.

हा समतोल माणसाच्या आणि यंत्राच्या आवाक्यात राहतो तो निसर्गाच्या एका देणगीमुळे. सगळे न्यूट्रॉन विखंडनाच्या क्षणी सुटत नाहीत. शेकडा अर्ध्याहून थोडे जास्त न्यूट्रॉन काही सेकंद ते मिनिटभर उशिरा, तुकड्यांमधून बाहेर पडतात. समतोल या उशिरा येणाऱ्यांच्या भरवशावर ठेवलेला असतो, म्हणून शक्ती सावकाश वाढते-घटते आणि नियंत्रण यंत्रणेला वेळ मिळतो. तारापूर तीन-चारमध्ये रोजचं बारीक नियंत्रण १४ कप्प्यांतल्या साध्या पाण्याची पातळी कमीजास्त करून होतं; साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं, हा त्याचा दोष इथे उपयोगी पडतो. भट्टी तातडीने बंद करायला कॅडमियमचे २८ दांडे वरून खाली पडतात, आणि त्यांच्यावर अजिबात अवलंबून नसलेली दुसरी यंत्रणा टाकीतल्या जड पाण्यात न्यूट्रॉन गिळणारं द्रावण जोराने फवारते. दोन्ही कामं सेकंदांत होतात.

एक किस्सा सांगतो, कारण त्यातून भट्टीचा स्वभाव कळतो. एकदा रात्रपाळीत युनिट ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं. कारण क्षुल्लक होतं, एका उपकरणाने चुकीचं वाचन दिलं. पण पॅनलवरचे सगळे दिवे लागल्यावर पहिल्यांदा आमची नजर गेली ती घड्याळाकडे. भट्टी बंद झाली की तिच्यात झेनॉन-१३५ नावाचा वायू साठत जातो. हा न्यूट्रॉनांचा हावरा शत्रू. चालू भट्टीत तो तयार होतो तसा जळतही असतो. बंद भट्टीत, विखंडनातून आधीच तयार झालेल्या आयोडीनपासून तो तयार होत राहतो, जळत मात्र नाही. अर्ध्या-पाऊण तासात कारण शोधून, खात्री करून, पुन्हा सुरू केलं नाही तर दीडेक दिवस भट्टी सुरूच होत नाही. आम्ही याला पॉयझन आऊट म्हणतो. आमच्या शिफ्ट इनचार्जनी बावीस मिनिटं झाल्यावर सांगितलं, 'कारण पटेस्तोवर हात लावायचा नाही, जाऊ दे पॉयझन आऊट.' दीड दिवसाची वीज गेली. त्यांचा तो निर्णय मला आजही शंभर टक्के बरोबर वाटतो.

परत उष्णतेकडे. तीनशे अंशांचं जड पाणी चार स्टीम जनरेटरांमध्ये जातं. आत उलट्या यूच्या आकाराच्या हजारो बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या आत जड पाणी, बाहेरून साधं, अतिशुद्ध पाणी. नळीच्या पातळ भिंतीतून फक्त उष्णता पलीकडे जाते आणि साध्या पाण्याची वाफ होते: २५० अंश, हवेच्या चाळीसपट दाब. तारापूर एक-दोनमध्ये मात्र हा मधला टप्पा नाही. तिथे भट्टीतच उकळलेल्या पाण्याची वाफ थेट टर्बाइनला जाते, म्हणून ते युनिट चालू असताना टर्बाइनजवळही किरणोत्सार असतो. तीन-चारच्या टर्बाइन हॉलमध्ये तुम्ही कानात बोळे घालून निवांत फिरू शकता.

२५० अंशांची वाफ औष्णिक केंद्राच्या मानाने थंडच. चंद्रपूरसारख्या कोळशाच्या केंद्रात ती ५४० अंशांच्या आसपास असते. वाफ जितकी तप्त तितका तिच्यातला मोठा हिस्सा कामाला लावता येतो, हा उष्णतेचा नियम आहे. म्हणून आमच्याकडे शंभर भाग उष्णतेतून एकतीस भाग वीज होते, कोळशाला त्याहून बरी मजल मारता येते. शिवाय ही वाफ ओली असते, टर्बाइनच्या मध्यावर तिच्यातलं पाणी वेगळं काढून ती पुन्हा तापवावी लागते, नाहीतर पाण्याचे थेंब पात्यांना खातात.

टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. त्याच दांड्यावर जनित्राचा विद्युतचुंबक बसवलेला असतो. तो तांब्याच्या वेटोळ्यांच्या मधे फिरतो आणि वेटोळ्यात वीज उमटते. सेकंदाला पन्नास फेरे, म्हणून आपल्या घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. जनित्र थंड ठेवायला आत हायड्रोजन भरतात, कारण तो हवेपेक्षा हलका, फिरणाऱ्या चुंबकाला कमी अडवणारा आणि उष्णता चांगली वाहून नेणारा असतो. हा हायड्रोजन लक्षात ठेवा, पुढे लागेल.

युनिट ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या सामाईक जाळ्याला, जोडण्याचा क्षण मला कधी जुना झाला नाही. पॅनलवर सिंक्रोस्कोप नावाचं गोल तबकडीचं उपकरण असतं. आपलं जनित्र आणि ग्रिड यांच्या तालात किती फरक आहे ते त्याचा काटा दाखवतो. काटा घड्याळाच्या दिशेने अगदी हळू सरकायला हवा, आणि बाराच्या जागी पोचण्याच्या किंचित आधी ब्रेकर, म्हणजे जनित्र ग्रिडला जोडणारा मोठा स्विच, बसवायचा. तोपर्यंत खोलीत कुणी बोलत नाही. ब्रेकर बसला की काटा बारावर थिजतो. तिथून पुढे आपलं चाक आणि देशाच्या ग्रिडवरचं प्रत्येक चाक एकाच तालात फिरू लागतं. वीज रोहित्रातून ४०० किलोव्होल्टला चढून तारांवर जाते. ती नेमकी कुणाच्या घरी गेली हे त्यानंतर सांगता येत नाही.

आता समुद्र. वाफेने टर्बाइन फिरवलं तरी तिच्यात दोनतृतीयांशाहून जास्त उष्णता शिल्लकच असते. ती काढून घेऊन वाफेचं पुन्हा पाणी करावं लागतं, कारण पंपाने पाणी ढकलता येतं, वाफ परवडत नाही. हे काम कंडेन्सरचं. त्यात समुद्राच्या पाण्याच्या हजारो नळ्या असतात आणि त्यांच्या बाहेरून वाफ थंड होऊन खाली ठिबकते. एका युनिटला समुद्रात सोडावी लागणारी उष्णता सुमारे बाराशे मेगावॉट. समुद्राचं पाणी सात अंशांनी तापू द्यायचं म्हटलं तर सेकंदाला चाळीस हजार लिटरहून जास्त पाणी लागतं, हा साधा गुणाकार आहे. केंद्रं समुद्र, नदी किंवा तलावाकाठी का असतात ते यातून कळेल. समुद्र नसेल तर उंच कूलिंग टॉवर बांधतात. त्यातून निघणारा पांढरा लोट म्हणजे निव्वळ पाण्याची वाफ. मे महिन्यात समुद्र कोमट झाला की आमचं उत्पादन दोन-चार मेगावॉटने आपोआप उतरतं, पावसाळ्यात घेण्याच्या पाण्याच्या जाळ्यांवर शेवाळ आणि प्लॅस्टिक येऊन बसतं.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: ते कोमट पाणी अणुभट्टीत गेलेलंच नसतं. भट्टीतलं जड पाणी पहिल्या फेऱ्यात, वाफेचं पाणी दुसऱ्या फेऱ्यात, समुद्राचं पाणी तिसऱ्यात, आणि प्रत्येक दोहोंत धातूची भिंत. भिंतीला छिद्र पडलं तर? कंडेन्सरमध्ये वाफेच्या बाजूला जवळजवळ निर्वात असतं. त्यामुळे नळी गळली तर समुद्राचं खारं पाणी आत ओढलं जातं, आतलं बाहेर जात नाही. केमिस्ट्रीवाल्यांना वाफेच्या पाण्यात मिठाचा अंश लगेच दिसतो आणि ते आमच्यामागे लागतात. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की केंद्रातलं थोडं सौम्य किरणोत्सारी सांडपाणी, धुलाईचं वगैरे, प्रक्रिया करून, मोजून, अणुऊर्जा नियामक परिषदेने ठरवलेल्या मर्यादेत याच पाण्यासोबत सोडलं जातं. त्याच्या प्रत्येक टाकीचा नमुना आधी तपासला जातो.

सगळ्यात महत्त्वाचं अजून सांगायचं आहे. कोळशाची भट्टी विझवली की विझते. अणुभट्टीत दांडे पडले, विखंडन थांबलं, तरी विखंडनातून तयार झालेले तुकडे किरणोत्सारी असल्यामुळे उष्णता देतच राहतात. बंद केल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या शेकडा सहा-सात, म्हणजे या भट्टीत शंभर मेगावॉटहून जास्त. तासाभराने पंचवीसेक. दुसऱ्या दिवशीही आठ-नऊ. ही उष्णता बटणाने बंद करता येत नाही, ती उचलून न्यावीच लागते. म्हणून ग्रिड गेलं तर डिझेल जनित्रं, तीही गेली तर बॅटऱ्या, अशी विजेची उतरंड ठेवलेली असते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंप होताच भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्सुनामीने डिझेल जनित्रं बुडवली, उष्णता न्यायला कुणी उरलं नाही आणि इंधन वितळलं.

आपल्याकडची कसोटी त्याआधीची. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्रात पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. प्रचंड हादऱ्यांनी जनित्राची सीलं गेली, हायड्रोजन बाहेर येऊन पेटला, त्यापाठोपाठ वंगणाचं तेल, मग केबली. युनिटची सगळी वीज गेली आणि सुमारे १७ तास आली नाही. नियंत्रण कक्षात धूर भरल्यामुळे तो सोडावा लागला. भट्टी ऑपरेटरांनी सुरुवातीलाच बंद केली होती. प्रश्न होता उरलेल्या उष्णतेचा. तिथे रचनेने साथ दिली. स्टीम जनरेटर भट्टीपेक्षा उंचावर असतात, त्यामुळे तापलेलं जड पाणी पंपाशिवाय आपोआप वर चढतं, वर थंड होतं आणि खाली येतं. अट एकच, वर थंडावा मिळत राहिला पाहिजे. लोकांनी आग विझवायचे डिझेलवर चालणारे पंप सुरू करून ते पाणी स्टीम जनरेटरांत सोडलं. गाभा शाबूत राहिला, किरणोत्सार बाहेर पडला नाही. त्या रात्रीचा क्रम आम्हाला प्रशिक्षणात मिनिटामिनिटाने शिकवला गेला, आणि पुढे मी तो शिकवला.

शेवटी बंडलाचं काय होतं ते सांगतो. जड पाण्याच्या भट्टीत इंधन बदलायला ती बंद करावी लागत नाही. वाहिनीच्या दोन्ही टोकांना दोन यंत्रं येऊन चिकटतात, एक नवी बंडलं आत सारतं, दुसरं जुनी घेतं, आणि भट्टी पूर्ण शक्तीवर चालूच असते. बाहेर आलेल्या बंडलाच्या जवळ आता माणूस जाऊ शकत नाही. ते पाण्याखालून एका खोल तलावात जातं आणि पुढची काही वर्षं तिथेच राहतं. तलावाच्या खोलीतले दिवे घालवले की नुकत्याच आलेल्या बंडलांभोवती पाणी निळसर चमकताना दिसतं. कठड्याला हात टेकून उभं राहिलं की खालून पंपांची बारीक थरथर हाताला लागते. त्या तलावातलं पाणीही गार ठेवावं लागतं, म्हणून ते पंप दिवसरात्र चालू असतात.